कंपनी गेली, गाडी उरली

बंद पडलेल्या कंपनीची दुर्मीळ स्पोर्ट्‌स कार विकायला निघाली की जाहिरातीत सगळ्यात आधी तिच्या दुर्मीळपणाचं कौतुक येतं. एकूण इतक्याच बनल्या, त्यांतल्या इतक्याच शिल्लक. घेणाराही त्याच आकड्यावर भाळतो. माझ्या मते तो आकडा सौद्याच्या अगदी शेवटी पाहावा. आधी चौकशी करावी ती कंपनीच्या पश्चात तिचे सुटे भाग कोणाकडे गेले, ते पुन्हा कोण बनवतं आणि ही गाडी उघडून पुन्हा नीट जोडणारी माणसं कुठे आहेत, याची. नवी गाडी घेताना हे कोणी विचारत नाही, कारण ती काळजी कंपनीची असते. इथे कंपनीच उरलेली नसते. हा मुद्दा तपासून पाहायला डिलोरियन ही गाडी उत्तम. ‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५ च्या सिनेमाने तिला जगभर ओळख दिली, पण सिनेमा पडद्यावर आला तेव्हा तिच्या कारखान्याला टाळं लागून गेलं होतं.

जॉन डिलोरियन हा जनरल मोटर्समधला बडा अधिकारी. नोकरी सोडून त्याने १९७५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ब्रिटिश सरकारला दंगलींनी पोळलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये रोजगार हवा होता, त्यामुळे सरकारी पैशावर बेलफास्टलगतच्या डनमरी इथे कारखाना उभा राहिला. आकार जॉर्जेटो जुजारो या इटालियन कलावंताचा, आतली रचना लोटस कंपनीने नव्याने बसवलेली. १९८१ च्या सुरुवातीला गाड्या बाहेर पडू लागल्या, किंमत २५,००० डॉलर. पुढच्याच फेब्रुवारीत कंपनीवर रिसीव्हर नेमला गेला आणि ऑक्टोबरमध्ये खुद्द डिलोरियनला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. १९८४ मध्ये तो निर्दोष सुटला, पण तोवर सगळा खेळ आटोपला होता. दोन वर्षांत जेमतेम ९,००० गाड्या बनल्या.

एवढ्या चित्तरकथेनंतर ही गाडी आज सांभाळायला अशक्य असायला हवी होती. तशी ती नाही, आणि त्याची कारणं ठोस आहेत. कारखान्यात पडून राहिलेल्या सुट्या भागांचा प्रचंड साठा ओहायोतल्या एका कंपनीने घेतला. पुढे १९९० च्या दशकात तो टेक्सासमध्ये गेला. स्टीफन विन या मूळच्या ब्रिटिश मेकॅनिकने तिथे डिलोरियनच्याच नावाने व्यवसाय उभा केला आणि संपलेले भाग नव्याने बनवून घ्यायला सुरुवात केली. दुसरं कारण जास्त रंजक आहे. गाडी लवकर बाजारात आणायची म्हणून आतले मोठे भाग बाहेरून घेतले होते. २.८५ लिटरचं व्ही-६ इंजिन प्यूजो, रेनो आणि व्होल्वो या तिघांनी मिळून बनवलेलं, गिअरबॉक्स रेनोचा, इंधन आत फवारणारी यंत्रणा बॉशची. हेच इंजिन व्होल्वोच्या घरगुती गाड्यांत होतं आणि तीच बॉशची यंत्रणा त्या काळच्या मर्सिडीज आणि पोर्शेतही होती. त्या वेळी समीक्षकांनी या उसनवारीवर नाकं मुरडली, कारण अमेरिकेत विकलेल्या गाडीची ताकद अवघी १३० अश्वशक्ती भरत होती. आज मालकांना त्याच उसनवारीने तारलं आहे. इंजिनाची माहिती असलेला मेकॅनिक शोधायला डिलोरियनचा तज्ज्ञच गाठावा लागत नाही.

जे या गाडीचं स्वतःचं आहे, तिथे मात्र खिसा मोकळा होतो. न रंगवलेला स्टेनलेस स्टीलचा बाह्य पत्रा हे तिचं सगळ्यात मोठं आकर्षण. किरकोळ ओरखडे घासून काढता येतात, धातूची रेघ पुन्हा उमटवता येते. पण पोचा पडला तर पंचाईत, कारण पुट्टी भरून वरून रंग मारण्याचा आपल्या गॅरेजांचा हुकमी उपाय इथे चालत नाही. पत्रा आतून ठोकून मूळ सपाटीवर आणणारा कसबी कारागीर लागतो, नाहीतर पत्राच बदलावा लागतो. कारखाना बंद झाल्यावर पत्रे दाबण्याचे साचे भंगारात निघाले, आणि त्यांतले काही चक्क आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मासेपालनाची जाळी खाली धरून ठेवायला समुद्रात सोडले गेले! साठ्यातला एखादा पत्रा संपला की तो पुन्हा तयार करणं किती महाग पडेल, याची कल्पना यावरून यावी. वर पंखासारखे उघडणारे दरवाजेही तिचे स्वतःचे. ते छतातल्या पिळाच्या पोलादी दांड्यांवर उचलले जातात, आणि या दांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून पीळ दिलेल्या आहेत. दरवाजा अर्ध्यावर अडत असेल तर बहुतेकदा गॅसचे आधारदांडे थकलेले असतात, ते स्वस्तात बदलतात. पिळाची दांडी मोडली असेल तर प्रकरण वेगळं.

खरी फसगत होते ती ‘स्टेनलेसला गंज चढत नाही’ या समजुतीपायी. पत्र्याला नाही चढत, हे खरं. पण त्या पत्र्याखाली फायबरचं कवच आहे आणि त्याच्याही खाली साध्या पोलादाची चासी. तिच्यावर एपॉक्सीचा लेप आहे. दगड लागून किंवा ब्रेक-क्लचचं तेल गळून लेप उडाला की पाणी त्याच्या आड शिरतं आणि गंज आतल्या आत पसरतो, वरून लेप शाबूत दिसत राहतो. गाडी उचलून, खालून बॅटरी मारून, पुढच्या आडव्या तुळईपासून मागच्या चाकांच्या बोल्टांपर्यंत सगळं पाहिल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये. इंजिनाच्या दोन रांगांमधल्या खोबणीतही डोकावावं. तिथून कूलंटचा पाइप जातो. तो गळून पाणी साचत राहिलं की ॲल्युमिनियमचा ब्लॉकच कुरतडला जातो. बाहेरून चकाकणारी डिलोरियन म्हणूनच मला काहीच सांगत नाही. चासी दुरुस्त केल्याची बिलं पुष्कळ काही सांगतात.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा त्रास टाळायला सर्वांत कमी चाललेली गाडी शोधावी. हा सल्ला वरवर शहाणपणाचा आहे, पण याच गाडीच्या बाबतीत उलटा पडतो. पुढे भाव येईल या आशेने अनेकांनी डिलोरियन घेऊन तशीच कोंडून ठेवली. टाकीत शिळं झालेलं पेट्रोल चिकट होऊन बॉशच्या त्या नाजूक यंत्रणेत बसतं, रबरी नळ्या वाळतात, ब्रेक आवळतात. शिवाय या गाडीच्या वेगाच्या काट्याला जोडणारा पुढच्या चाकाजवळचा भाग मोडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि तो मोडला की वेगाच्या काट्याबरोबर मैल मोजणंही थांबतं. त्यामुळे कमी मैलांचा आकडा हा पुरावा धरता येत नाही. दर वर्षी थोडी थोडी चालवलेली, बिलांची जाडजूड फाइल असलेली गाडी घ्यावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुर्मीळपणाला काही किंमत नाही तर मग लोक दुर्मीळ गाड्यांना इतका पैसा का देतात? देतात, कारण त्या विकत घेणाऱ्यांची गर्दीही असते. डिलोरियनचा भाव ९,००० या आकड्याने ठरलेला नाही. भाग मिळतात, क्लब आहेत, दुरुस्त करणारे आहेत, म्हणून ती चालती राहते, आणि चालती राहते म्हणून तिला पुढचा गिऱ्हाईक मिळतो. उलट, याहून कितीतरी कमी बनलेल्या गाड्या कोपऱ्यात धूळ खात पडतात, कारण एका काचेसाठी किंवा एका दिव्यासाठी वर्षभर शोध घ्यावा लागतो. वेगाच्या अपेक्षेने मात्र डिलोरियन घेऊ नये. आजची साधी सेडानही तिला सहज मागे टाकेल.

भारतात जुन्या गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने डिलोरियनचा सौदा हा मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी वाचकांच्या आवाक्यातला. पण हाच प्रश्न आपल्याकडेही आहे, तोही पुण्याच्या परिसरातून बाहेर पडलेल्या गाडीबद्दल. डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोमध्ये झळकली. सीटांमागे बसवलेलं रेनोचं २ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद २५० अश्वशक्ती, किंमत ३५ लाखांच्या घरात. आता ती बनत नाही आणि बाजारात अधूनमधून एखादी दिसते. माझी कसोटी तिला लावली तर निकाल फारसा उत्साहाचा नाही. इंजिन उसनं आहे हे बरं, पण ते ज्या मेगान आरएससारख्या गाड्यांत होतं त्या रेनोने इथे विकल्याच नाहीत, म्हणजे भाग बाहेरून मागवणं आलं. बॉडीचे भाग संख्येने इतके थोडे बनले की टेक्सासचा तो साठा इथे कल्पनेतही आणता येत नाही.

त्यात कागदपत्रांचा प्रश्न वेगळा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या गाड्यांची नोंदणी आणि त्यांवर काढलेली कर्जं यांवरून गुन्हा नोंदवला. एकाच इंजिन आणि चासी नंबरावर दोन ठिकाणी नोंदणी झाल्याचा आरोप त्यात होता. आरोपाचं काय करायचं ते न्यायालय ठरवेल. घेणाऱ्याने मात्र गाडीचं सौंदर्य पाहण्याआधी चासी आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचून आरसीशी ताडून पाहावेत, हायपोथिकेशनची नोंद आरटीओत तपासावी, कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात घ्यावा. यातलं एकही विकणारा देऊ शकत नसेल, तर ॲडव्हान्सही देऊ नये.