प्रायव्हेट रेपोची किल्ली कोणाकडे?

गैरसमज : रेपो ‘प्रायव्हेट’ केला की आतलं कोणी वाचू शकत नाही.

वस्तुस्थिती : बाहेरच्यांना वाचता येत नाही, इतकंच. सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला तुमच्या फायली दिसतात, म्हणून तर ब्राउझरमध्ये कोड शोधता येतो. एसएसएच वाटेवरची चोरी रोखतं. मुक्कामी पोचलेली फाइल उघडीच असते.

गैरसमज : गिट सगळं कूटबद्धच ठेवतं.

वस्तुस्थिती : तो ४० अक्षरी हॅश ही नुसती मजकुराची खूण. ऑब्जेक्ट फायली अगम्य दिसतात, कारण त्या झेडलिबने दाबलेल्या असतात. ‘गिट कॅट-फाइल -पी’ आणि तो हॅश टाइप करा, मजकूर समोर हजर.

गैरसमज : गिट-क्रिप्ट बसवलं, आता चिंता मिटली.

वस्तुस्थिती : गिट-क्रिप्ट गिटअ‍ॅट्रिब्युट्समध्ये नोंदवलेल्या फायलींचा मजकूर तेवढा झाकतं. फायलींची नावं, कमिटचे संदेश, तारखा सगळं उघडं. ‘कपात-यादी-अंतिम’ असं नाव दिसल्यावर आत डोकवायची गरज कोणाला? शिवाय आधी साध्या रूपात कमिट केलेला पासवर्ड इतिहासात तसाच राहतो. तो आधी बदला, बाकीचं नंतर.

नावांसकट सगळं झाकायचं तर गिट-रिमोट-जीक्रिप्ट आहे. पण रिमोट साधा गिट सर्व्हर असेल, तर दर पुशला अख्खा इतिहास पुन्हा वर चढतो. आरसिंक किंवा आरक्लोन वापरलं तर नवं तेवढंच जातं. त्यातही प्रत्येक पुश फोर्स-पुश असतो, म्हणजे सहकाऱ्याचं काम पुसलं जाण्याची सोयच. एकट्याच्या रेपोसाठी हे उत्तम. टीमसाठी मी तरी सुचवणार नाही.

मोठ्या फायलींसाठी जोई हेस यांचं गिट-अ‍ॅनेक्स बरं. तिथे रिमोट तयार करताना एन्क्रिप्शनचा प्रकार विचारपूर्वक निवडा. ‘शेअर्ड’मध्ये किल्ली रेपोतच उघडी पडलेली असते, ज्याच्याकडे क्लोन, त्याच्याकडे किल्ली. ‘हायब्रिड’मध्ये ती तुमच्या जीपीजी किल्लीने बंद होते आणि नवा माणूस नंतरही जोडता येतो.

गैरसमज : किल्ली हरवली तर कंपनी काहीतरी करेल.

वस्तुस्थिती : काहीही करू शकत नाही, तेच तर हवं होतं! तेव्हा जीपीजीची गुप्त किल्ली एक्स्पोर्ट करून दुसऱ्या जागी ठेवा, पासफ्रेज वेगळी. आणि आजच दुसऱ्या मशीनवर त्या किल्लीने क्लोन करून एक फाइल उघडून बघा.