एकबुर्जी : नळाचे पाणी आणि पाखरांचे बेट

अडाण, अरुणावती या नद्या वाशीम जिल्ह्यातच उगम पावतात. साहजिकच येथे त्यांची पात्रे लहान असून पावसाळा सरताच प्रवाह रोडावतो. म्हणूनच वाशीम शहराच्या पिण्याच्या पाण्याची मदार नजीकच्या एकबुर्जी जलाशयावर आहे.

पठारावरील अशा जलाशयांत पाणी ओसरू लागले, की तळातील उंचवटे बेटांसारखे उघडे पडतात. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. सभोवती पाणी असेतो कुत्री तेथे सहसा जात नाहीत. बेट काठाला जोडले गेले, की हे संरक्षण संपते. तेव्हा बेताचा उपसा नळाइतकाच घरट्यांच्याही हिताचा! २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ उपसल्याने साठवण वाढते, शेतालाही कस येतो. मात्र खोदकामाची आखणी करताना ग्रामपंचायतींनी असे उंचवटे वगळावेत.