घाटातले संकटाचे बटण

पिरंगुट, उरवडे मागे टाकून मुठा घाट उतरला, की मुठा गाव लागते. टेमघर, लवासाकडे निघालेल्या पर्यटकांच्या टॅक्सी इथूनच जातात. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या टॅक्सी-बसमध्ये ठिकाण सांगणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण हवेच, असा केंद्राचा नियम आहे. त्याचे मानक, ‘एआयएस-१४०’, पुण्याच्याच एआरएआयने प्रसिद्ध केले.

बटण दाबले की हाक उपग्रहाकडे जाते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. उपग्रह फक्त संदेश खाली पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून यंत्र स्वतःचे ठिकाण काढते. ते नियंत्रण कक्षाला कळवण्याचे काम मात्र मोबाइल नेटवर्कचे. टॉवर डोंगराआड गेला, तर ठिकाण यंत्राला ठाऊक, बाकी कुणालाच नाही!

मानकात यावर अर्धाच उपाय आहे. रेंज नसताना यंत्र किमान ४० हजार नोंदी साठवते, गाडीची वीज तुटली तरी स्वतःच्या बॅटरीवर चार तास चालते आणि रेंज आली की सगळे धाडते. मागाहून तपासाला हे उत्तम. पण दरीत कोसळलेली गाडी रेंजमध्ये यायची कशी? जखमीच्या जिवाचा प्रश्न पहिल्या तासाभराचा असतो; मोटार वाहन कायद्यातही ‘गोल्डन अवर’ तेवढाच आहे.

घाटरस्त्याच्या खर्चात कठड्यांबरोबर टॉवरही धरायला हवेत. तोवर भरवसा मागून येणाऱ्या गाडीचा. सद्‌भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे संरक्षण याच कायद्याच्या कलम १३४-ए मध्ये आहे.