थंड पाणी, निवांत मन आणि सावध पाऊल

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील औषधांच्या चिठ्ठ्या, विमा आणि विमानप्रवासातील पायांची सूज याबद्दल आवर्जून विचारतात. तिथे दिवस कसा जाईल, हा प्रश्न मात्र बहुधा मनातच राहतो. न्यू जर्सी किंवा पेन्सिल्व्हेनियातील उपनगरात घर प्रशस्त असते. पण मुले कामावर, नातवंडे शाळेत आणि रस्त्यावर बोलायला कुणी नसते. अशा वेळी सुट्टीच्या दिवशी मुलगा किंवा जावई 'चला, ट्राउट पकडायला जाऊ' म्हणाला, तर आपण लगेच नकार देऊ नये. मात्र जाण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्याव्यात.

ब्रूक ट्राउट हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील मूळचा मासा. हिरवट पाठीवर नागमोडी नक्षी, कुशीवर निळसर कडांचे लाल ठिपके आणि परांना पांढरी किनार. नावात ट्राउट असले तरी शास्त्रीयदृष्ट्या तो चार या कुळातील आहे. त्याला स्वच्छ, प्राणवायूने भरलेले आणि थंड पाणी लागते. तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो कासावीस होतो. म्हणूनच ॲडिराँडॅक पर्वतातील तळी, व्हरमाँट आणि मेनमधील झरे ही त्याची घरे. आम्लपावसाने ॲडिराँडॅकमधील कित्येक तळी ओस पडली होती; १९९० मध्ये हवा-प्रदूषणाचा कायदा कडक झाल्यानंतर त्यांतील काहींचे पाणी सुधारू लागले. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि पेन्सिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांचा हा राज्यमासा आहे.

त्याला पकडण्याची 'फ्लाय फिशिंग' ही रीत आपल्याकडच्या गळापेक्षा वेगळी आहे. गळाला आमिष लावत नाहीत. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावतात. ती इतकी हलकी असते की तिला दूर नेण्याचे काम जाड दोरीचे वजन करते. काठी घड्याळातील दहा आणि एक या आकड्यांच्या दरम्यान मागेपुढे हलवायची. मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मगच पुढे सोडायचे. यात जोरापेक्षा लय महत्त्वाची.

ही लय काही रुग्णांनाही उपयोगी पडते. १९९६ मध्ये व्हरमाँट येथे सुरू झालेली 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांना फ्लाय फिशिंग शिकवते. शस्त्रक्रियेनंतर आखडलेल्या हाताला या हालचालींनी सौम्य व्यायाम मिळतो. जखमी सैनिकांसाठी 'प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स' हा उपक्रम २००५ मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात सुरू झाला. हे औषधोपचारांना पर्याय नव्हेत. पण नजर पाण्यावर आणि मन हातावर असले की चिंतेला जागा थोडी कमी उरते.

शाकाहारी वाचकांच्या मनात एक शंका येईल. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा तिथे रूढ आहे. त्यासाठी आकड्याला उलटा काटा नसलेला गळ वापरतात आणि माशाच्या अंगावरचा चिकट थर टिकावा म्हणून हात ओले करूनच त्याला धरतात. तरीही माशाला इजा होतेच, हे खरे. मनाला पटत नसेल, तर काठी न धरता काठावर बसण्यातही आनंद आहे.

आता पावलांकडे वळू. मुलांनो, हा भाग आपल्यासाठीही आहे. साठीनंतर प्रवाहात उतरू नये, काठावरूनच मासेमारी करावी, हा माझा स्पष्ट सल्ला. शेवाळलेले दगड निसरडे असतात आणि वाहत्या पाण्याकडे एकटक पाहिल्याने भोवळ येऊ शकते. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांना दगड रुतल्याचेही कळत नाही. अतिथंड पाण्यात पडल्यास पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि साधारण दहा मिनिटांत हातपाय साथ सोडू लागतात; हृदयरुग्णाला तर पहिला धक्काच धोकादायक. नावेत बसताना जीवरक्षक जॅकेट अंगात हवेच. बरोबर गोळ्या, बिस्किटे, पाणी आणि कोरडे कपडे ठेवावेत.

डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवी, कारण मागून येणारा गळ दिसत नाही. गळ डोळ्यात रुतला तर ओढू नये. डोळ्यावर दाब न देता वाटीसारखे आच्छादन ठेवून थेट रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर लहान जखमही दहा-पंधरा मिनिटे दाबून धरावी. खांदा आखडलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत दुर्लक्षित धोका मात्र पाण्यात नसून काठच्या गवतात आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात हरणांच्या अंगावर आढळणाऱ्या गोचिडीमुळे लाइम आजार होतो. तिचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावल्याचे कळतही नाही. जंतू शरीरात जाण्यास बहुधा २४ तासांहून अधिक काळ लागतो. म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी काखा, जांघा, गुडघ्यांमागचा भाग आणि केसांखालची त्वचा तपासावी. जे स्वतः पाहू शकत नाहीत, त्यांना घरच्यांनी मदत करावी. इथे संकोच नको. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी.

त्यानंतर ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा, ताप किंवा अंगदुखी आली, तर प्रतिजैविकांनी आजार बहुधा पूर्ण बरा होतो. पण तोवर आपण पुण्याला किंवा नाशिकला परतलेले असाल, आणि इथला डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरियाचाच विचार करील. काही महिन्यांनी सुजलेला गुडघा तर सरळ संधिवाताच्या खात्यात जमा होईल. म्हणून दवाखान्यात गेल्यावर लक्षणांच्या आधी एवढेच सांगा, 'डॉक्टर, मी अमेरिकेत तळ्याकाठी गवतात बसलो होतो.' या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.