मुदत संपली, पुन्हा प्रवेश करा

फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात कर्नाटक राज्यातील उपनिबंधक कचेऱ्यांमधून खरेदीखतांची नोंदणी खोळंबली, नोंदणी खात्याची ‘कावेरी २.०’ ही संगणकप्रणाली एकसारखी गोठू लागली, आणि हा दोष यंत्राचा नसून बाहेरून हेतुपुरस्सर केलेल्या माऱ्याचा आहे असा खुलासा सरकारला करावा लागला, हा वृत्तांत वाचकांना ठाऊक आहे; त्याची उजळणी येथे करीत नाही. बेळगावकरांना तर ‘सर्व्हर डाऊन’ या दुखण्याचे राजकीय निदानही नवे नाही. जून २०२३ मध्ये गृहज्योती योजनेचे अर्ज सुरू होताच सेवासिंधू संकेतस्थळ कुंठित झाले, तेव्हा आपल्याच जिल्ह्याचे मंत्री सतीश जारकीहोळी यांनी केंद्र सरकारने सर्व्हर हॅक केल्याचा आरोप केला होता. आरोप, प्रत्यारोप आणि फिर्यादी यांना पहिल्या पानावर जागा मिळते. ज्या गाऱ्हाण्याला ती कधीच मिळत नाही, आणि जे सर्व्हर ठणठणीत असतानाही रोज घडते, त्याविषयी हा लेख आहे.

निपाणी तालुक्यातल्या एखाद्या ‘ग्रामवन’ या सरकारी सेवाकेंद्रासमोर थोडा वेळ उभे राहिले तरी ते दृष्टीस पडते. विड्या वळण्याचे काम टाकून, सरकारी योजनेचे दोन हजार रुपये मिळावेत म्हणून अर्ज भरायला आलेली बाई बाकावर बसलेली असते; तिच्या आधारला जोडलेला मोबाईल कागलच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो; केंद्रचालक रेशनकार्डाचा क्रमांक, बँकखाते, नवऱ्याचे नाव असे एकेक भरत जातो, ओटीपी धाडतो, बाई मुलाला फोन लावते, मुलगा यंत्रावरून मोकळा होईपर्यंत तो उचलत नाही; अखेरीस सहा आकडे येतात, केंद्रचालक ते टाइप करतो, आणि पडद्यावर उमटते की, आपले सेशन संपले आहे, पुन्हा प्रवेश करा. भरलेले सारे वाया जाते. ‘मावशी, उद्या सकाळच्याला या, नेट बरं असतंय तवा,’ असे सांगून तो पुढचा नंबर पुकारतो. नेटचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसतो.

संबंध असतो तो आठवणीशी. ज्या एचटीटीपी या संकेतावर सारी संकेतस्थळे चालतात त्याची घडणच अशी आहे की, प्रत्येक विनंती ही त्याच्या दृष्टीने पहिलीच विनंती होय. एक पान मागून गेलेला आणि पुढच्याच क्षणी दुसरे पान मागणारा इसम एकच आहे, हे त्याला कळत नाही, आणि कळावे अशी मूळच्या योजनेत तरतूदही नव्हती. ही तरतूद १९९४ च्या जून महिन्यात लू माँटुली या, पंचविशीही न गाठलेल्या, अमेरिकन तरुणाने केली. हा गृहस्थ मोठा विलक्षण. कॅन्सस विद्यापीठात शिकत असता ‘लिंक्स’ हा केवळ अक्षरांवर चालणारा ब्राउझर रचण्यात त्याने वाटा उचलला होता; पुढे नेटस्केप या नावाने विख्यात झालेल्या कंपनीत आल्यावर त्याने कचेरीतल्या काचेच्या हौदावर कॅमेरा रोखून त्यातील मासे साऱ्या जगाला दाखविण्याचा उद्योगही केला. त्या कंपनीची एमसीआय नावाची एक गिऱ्हाईक-कंपनी आंतरजालावर दुकान थाटू पाहत होती, आणि तिची अट अशी की, गिऱ्हाइकाने अर्धवट केलेल्या खरेदीचे टाचण आपल्या सर्व्हरवर साठविण्याचा भार आपल्यावर पडू नये. माँटुलीने तोड काढली ती अशी, की टाचण गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवावे आणि प्रत्येक विनंतीबरोबर त्याच्या ब्राउझरने ते आपणहून सादर करावे. हीच ती कुकी.

इतिहासाची थट्टा पाहा. सर्व्हरने काही लक्षात ठेवू नये म्हणून जी कुकी जन्मली, तिच्याच आधाराने पुढे सर्व्हरला सारे काही लक्षात ठेवावे लागले. कुकीत सुमारे चार किलोबाइटांपलीकडे मजकूर मावत नाही. शिवाय जो कागद अर्जदाराच्याच खिशात आहे त्यावर त्याने खाडाखोड केली नसेल याची हमी कोणी द्यावी? सबब कुकीत केवळ एक लांबलचक, कोणाला तर्काने काढता येऊ नये असा क्रमांक उरला, आणि त्या क्रमांकाखालचे प्रकरण, म्हणजे सेशन, सर्व्हरच्या ताब्यात गेले.

ते ताब्यात ठेवायचे कोठे, हा खरा कारभाराचा प्रश्न. मामलेदार कचेरीतला एखादा कारकून अर्जदाराची कैफियत नुसती ध्यानात ठेवतो, दुसरा चिठ्ठीवर खरडून आपल्या खणात टाकतो, तिसरा बारनिशीला रीतसर नोंद करतो. संगणकापुढेही हेच तीन मार्ग आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटची मूळ रीत पहिली: सेशन चालत्या प्रोग्रामच्या स्मृतीत राहते, वीस मिनिटे हालचाल नसली की जाते, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला की सर्वांचे एकदमच जाते. पीएचपी या संगणकभाषेची मूळ रीत दुसरी, प्रत्येक सेशनची एक फाइल, त्याच सर्व्हरच्या डिस्कवर. एकच सर्व्हर असतो तोवर या दोन्ही रीती सुखाच्या. परंतु राज्याच्या साऱ्या जिल्ह्यांचा भार वाहणाऱ्या यंत्रणेत एकामागे एक अनेक सर्व्हर उभे असतात आणि दारावरचा लोड बॅलन्सर येणारी प्रत्येक विनंती जो मोकळा दिसेल त्याच्याकडे वळवितो. मग पहिल्या पानावर भेटलेल्या कारकुनाच्या खणातली चिठ्ठी दुसऱ्या पानावरच्या कारकुनाला दिसावी कशी? म्हणून तिसरा मार्ग: सेशनची नोंद डेटाबेसात, सर्वांना वाचता येईल अशा एकाच दफ्तरात.

हे दफ्तर दिसायला अगदीच साधे असते. जँगो नावाची जी संकेतस्थळ-चौकट आहे तिच्यात सेशनच्या तक्त्याला तीनच स्तंभ असतात: क्रमांक, मजकूर आणि मुदतीची तारीख-वेळ. (जँगो ही कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका दैनिकाच्या कचेरीत आकाराला आली, आणि माँटुलीचे विद्यापीठही त्याच गावचे, वर्तमानपत्रवाल्याला एवढा अभिमान क्षम्य असावा.) कुकीतला क्रमांक आला की ती ओळ शोधायची, मुदत पाहायची, मजकूर उलगडायचा. ओळ पुसली की तो इसम त्या क्षणी बाहेर. चोरीला गेलेल्या फोनवरचे लॉगिन असे तोडता येते. अलीकडे ज्यांचा फार बोलबाला आहे ती स्वाक्षरीयुक्त टोकने, ज्यांत सारा मजकूर पुन्हा अर्जदाराच्याच हाती देतात, त्यांना ही सोय नाही. दिलेले टोकन मुदत संपेपर्यंत फिरतच राहते, आणि ते मध्येच रद्द करायचे म्हटले की रद्द टोकनांची यादी अखेर डेटाबेसातच ठेवावी लागते. दफ्तर टाळू पाहणारा फिरून दफ्तरात येतो.

दफ्तर म्हटले की दफ्तराचे रोगही आले. प्रत्येक पानामागे एक वाचन, आणि ‘शेवटची हालचाल’ नोंदवायची तर एक लेखन. ज्या डेटाबेसात खरेदीखते आहेत त्याच डेटाबेसावर हा भार टाकला तर सेशनच्या किरकोळ ओळी खतांची वाट अडवितात. म्हणून जाणते लोक सेशनसाठी निराळे दफ्तर ठेवतात, बहुधा रेडिससारखे, जे स्मृतीत राहते आणि मुदत भरलेली ओळ आपणच काढून टाकते. नेहमीच्या डेटाबेसात ती आपणहून जात नाही. पीएचपी ही झाडलोट नशिबावर सोडते, मूळ मांडणीत दर शंभर विनंत्यांमागे एकदा; जँगो तर ‘क्लिअरसेशन्स’ हा आदेश देऊन स्वस्थ बसते, तो रोज चालविणे हे व्यवस्थापकाचे काम. ज्या कचेरीत व्यवस्थापक ठेकेदाराचा आणि ठेका मार्चअखेरीस संपणारा, तेथे तो आदेश रोज चालत असेल यावर माझा विश्वास नाही. शिवाय, ज्याने अजून लॉगिनही केलेले नाही अशा प्रत्येक वाटसरूच्या नावे ओळ उघडण्याची काही संकेतस्थळांची जी उदार वृत्ती, तिच्यामुळे मारा करणाऱ्याला आयतेच शस्त्र मिळते. त्याने नुसते दार वाजवीत राहावे, तक्ता फुगत जातो.

‘कावेरी’वरच्या माऱ्याचा जो तपशील बातम्यांतून आला तो या दृष्टीने उद्बोधक आहे: ६२ ईमेल खाती, १४ आयपी पत्ते, आणि भाराच्या दाखल्यांचे, ज्यांना आपण ‘ईसी’ म्हणतो त्यांचे, नेहमीच्या कैक पट शोध. म्हणजे मारा करणारा बाहेर उभा राहून दगड मारीत नव्हता. तो रीतसर खाते उघडून, प्रवेश घेऊन आत बसला होता. अशा वेळी सेशनच्या दफ्तराचे मोल कळते. कोणत्या खात्याने किती वेळात किती शोध केले ही नोंद तेथे ठेवता येते, एका खात्याला मर्यादा घालता येते, आणि ती ओलांडणाऱ्याची ओळ पुसता येते, तीही रांगेतल्या इतर कोणाला धक्का न लावता.

आता मुदतीविषयी. ‘सेशन संपले’ हे वाक्य पर्जन्यवृष्टीच्या वार्तेसारख्या तटस्थ सुरात येते, पण ती मुदत कोणीतरी ठरविलेली असते, आणि पुष्कळदा कोणीच ठरविलेली नसते. पीएचपीच्या मांडणीत १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटे, हा आकडा आयता येतो आणि कित्येक ठिकाणी तसाच राहून जातो. ओवॅस्प ही सुरक्षाविषयक संस्था मौल्यवान व्यवहारांसाठी दोन ते पाच मिनिटे, कमी धोक्याच्या व्यवहारांसाठी पंधरा ते तीस मिनिटे निष्क्रियता सोसावी असे सुचविते. सामायिक संगणकावर, जेथे एकाच खुर्चीपुढे दिवसभर नाना माणसांचे आधार क्रमांक येतात, तेथे आखूड मुदत योग्यच आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो मुदतीबरोबर मजकूरही फेकण्याविषयी. वेब सुगमतेचे जे जागतिक निकष आहेत, ज्यांच्यावर भारत सरकारची संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वेही आधारलेली आहेत, त्यांचा दंडक असा की, मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी, ती वाढविण्यास निदान वीस सेकंद द्यावेत, आणि अशी वाढ निदान दहा वेळा मिळावी. जेथे मुदत वाढविल्याने व्यवहारच निरर्थक होतो असे अपवाद वगळून. विडीकामगार बाईच्या अर्जात असा अपवाद कोणता?

उपाय अवघड नाही. ओळख आणि अर्ज ही दोन प्रकरणे वेगळ्या तक्त्यांत ठेवावीत: ओळखीची मुदत दहा मिनिटांची असेना का, अर्धवट अर्ज आपल्या क्रमांकाखाली महिनाभर पडून राहावा, आणि बाई पुन्हा ओटीपी देऊन आली की तेथूनच पुढे चालू व्हावा. प्राप्तिकराचे विवरणपत्र असे अर्धवट ठेवता येते, पासपोर्टचा अर्जही. ज्यांना प्राप्तिकर भरावा लागतो त्यांची सोय झाली आणि ज्यांना दोन हजार रुपये मिळायचे त्यांची राहिली, हा निव्वळ योगायोग मानण्याइतका मी भाबडा नाही.

सेशनच्या त्या ओळीत आणखी एक गोष्ट असते, आणि सीमाभागात राहून तिच्याविषयी न लिहिणे मला जमणार नाही. निवडलेली भाषा बहुधा सेशनमध्येच नोंदलेली असते: कन्नडसाठी ‘केएन’, इंग्रजीसाठी ‘ईएन’. या दोहोंपलीकडे निवडच नाही. कन्नड ही राज्याची भाषा आहे आणि तिचा मान तिला मिळालाच पाहिजे. परंतु ज्या गावांतून १९५६ पर्यंत मुंबई राज्याचा अंमल होता, ज्यांच्या घरी आजोबांच्या खरेदीखताच्या मोडीतल्या नकला आहेत, त्यांनी आपलाच अर्ज केंद्रचालकाकडून वाचून घ्यावा, ही काही सुखाची अवस्था नव्हे. स्थानिक लोकसंख्येत ज्या भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे, त्यांना महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत मिळावेत, हे संरक्षण जुनेच आहे. त्यावर देखरेख करणाऱ्या, घटनेच्या ३५० ब या अनुच्छेदाखालील आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय तर बेळगावातच असे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्याचा निकाल केव्हाही लागो. सेशनच्या नोंदीत मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहून घेण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी लागतो तो पानोपानीचा मराठी मजकूर, तो तपासणारी निपाणी-खानापुरातली दोनचार जाणती माणसे, आणि खात्याचा एक हुकूम.