‘हुबेहूब’च्या पुढे काय?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर निबंध लिहिणाऱ्या मुलांनी ‘हुबेहूब’ हा शब्द किती वेळा वापरला असेल, याचा हिशेब कोणाही मास्तराच्या आवाक्याबाहेरचा आहे! दिवाळीच्या तोंडावर आमच्या मुलुंडच्या घरी आत चकल्यांचा घाणा चालू असतो आणि बाहेर माझ्यापुढे निबंधांचा गठ्ठा. ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचे हुबेहूब चित्रण केले आहे. भाषा ओघवती आहे.’ दुसरा निबंध उघडावा, तर तेच. सगळे गाइडाचे उपकार.

मीही वर्षानुवर्षे समासात तांबड्या शाईने ‘पुरावा?’ एवढे लिहून मोकळा होत असे. तो द्यायचा कसा, हे मात्र कधी शिकवले नाही. ते एका मुलीने माझ्याकडून करवून घेतले.

घाटकोपरच्या चाळीत राहणारी, आजोळ माणदेशातले. तासानंतर तिने मला गाठले.

‘सर, पुरावा म्हणजे काय लिहू? गोष्टच पुन्हा सांगू का?’

‘वाचताना थांबलीस कुठे?’

‘शेकूच्या बायकोपाशी. बैल एकच, म्हणून दुसऱ्याच्या जागी ती स्वतः जू खांद्यावर घेते.’

‘का थांबलीस?’

ती घुटमळली. ‘लेखक तिथे गहिवर काढत नाही. काम अडलंय, ते करतात, एवढंच. माझी आजीसुद्धा दुष्काळाचं असंच सांगते. भाजीचा भाव सांगावा तसं.’

परिच्छेद तिथेच तयार झाला होता! पहिल्या वाक्यात तिचे मत आले: माडगूळकर दारिद्र्याची कीव करत नाहीत. त्याखाली तो प्रसंग, दोनच वाक्यांत. परीक्षकाने पुस्तक वाचलेले असते. आणि मग मुले नेमकी जी जागा रिकामी सोडतात ती: या प्रसंगावरून ते मत खरे कसे ठरते? लेखकाने काय सांगितले, काय सांगायचे टाळले, सूर कोणता ठेवला? प्रसंग वा अवतरण चिकटवून पुढे पळणे म्हणजे साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून एकही प्रश्न न विचारणे.

‘पण एका प्रसंगावरून अख्ख्या कादंबरीबद्दल बोलायचं?’ हा प्रश्न तिचाच. म्हणून दुसऱ्या परिच्छेदात शेवटचा दुष्काळ आला. माणसे निघून जातात, वाडी ओस पडते. अडचण होती तालमीची. तिथे तीच गरीब वाडी हौसेने इमारत उभी करते. गाइडवाला तो प्रसंग ‘ग्रामसुधारणा’ या सदरात टाकून मोकळा होतो. ती गाळायला निघाली होती. मी म्हटले, ‘राहू दे. तुझ्या मताला अडतो आहे ना, मग तोच आधी लिही.’

आठवड्याने निबंध आला. तालमीचा परिच्छेद मधोमध होता आणि त्यापायी पहिले वाक्य बदलले होते. ‘कीव करत नाहीत’ खोडून तिने लिहिले होते, ‘कीव करावी असे त्यांना या माणसांत काही दिसत नाही.’

समासात लिहायला मला काही उरले नाही. एक अनुस्वार राहिला होता, तेवढा दिला.