मुख्य कथा किती तासांची असावी?

‘कथा व कादंबरी यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेत केव्हा ना केव्हा सोडवला आहे. एका बैठकीत वाचून होते ती कथा, असे उत्तराच्या सुरुवातीलाच लिहायचे आणि मग ‘जीवनाचा व्यापक पट’ वगैरे शब्द घालून पान भरायचे, ही आपली रीत. गुणही मिळतात. पण ज्या गोष्टीला वाचक नसून खेळाडू असतो, जिचा नायक त्याने हलवल्याशिवाय पाऊलही उचलत नाही, अशा गोष्टीची लांबी कशी ठरवायची? ती पानांत मोजता येत नाही, नाटकासारखी अंकांतही मोजता येत नाही. ती तासांत मोजतात. आणि हे तास दहापासून शंभरापर्यंत काहीही असू शकतात.

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत दादाने आपला जुना संगणक मला दिला. त्यात ‘द विचर ३’ हा खेळ होता. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने तो २०१५ साली काढला. गेराल्ट नावाचा एक वयस्क राक्षसमाऱ्या, लेकीसारखी वाढवलेली त्याची सिरी, तिच्या मागे लागलेले भुतांचे घोडदळ आणि तिला त्यांच्याआधी गाठायची गेराल्टची धडपड, ही त्याची मुख्य कथा. मी खेळत असताना आई मागे भाजी निवडत बसे. तिला मी कथा सांगितली होती. त्यामुळे रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न असे : “सापडली का रे पोरगी?”

या खेळांशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे मागे जायला हवे. यांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. म्हणजे खेळाडूने एका पात्राची भूमिका घ्यायची, त्याच्यासाठी निर्णय करायचे आणि अनुभवागणिक त्याचे सामर्थ्य वाढवायचे. याचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेले चारपाच मित्र एवढीच त्याची सामग्री. त्यांतला एकजण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेतली पात्रे होतात. लांबीचा प्रश्न इथे उद्भवतच नाही. मंडळी कंटाळली की सांगणारा कथा आवरती घेतो. रंगली की तीच कथा दर रविवारी वर्षानुवर्षे चालते. आपल्याकडच्या कीर्तनकाराला हे कसब चांगले ठाऊक आहे. समोरची माणसे पेंगू लागली की बुवा आख्यान आटोपते घेतात.

संगणकाला मात्र समोरचा माणूस पेंगतो आहे की नाही हे कळत नाही. त्याच्या पोटात कथा आधीच लिहून ठेवलेली असते. बदलत्या श्रोत्यासाठी न बदलणारी कथा किती लांब लिहावी, ही अडचण खेळ टेबलावरून पडद्यावर आला तेव्हापासूनची आहे.

आरंभी हिशेब सोपा होता, कारण जागाच नव्हती. १९८६ साली जपानमध्ये युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. तो सारा खेळ ६४ किलोबाइटांत बसवलेला होता. आज भ्रमणध्वनीवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा घेतो. खेळ जिथे थांबला तिथून पुन्हा सुरू करण्याची सोयही त्यात नव्हती. खेळाडूला २० जपानी अक्षरांचा एक ‘मंत्र’ मिळे. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की कष्ट पाण्यात. कथा तरी केवढी? राजकन्येला सोडवायचे आणि ड्रॅगनांच्या राजाला मारायचे. पण होरींनी त्यात एक गोष्ट अशी केली की तिचे मला अजून कौतुक वाटते. खेळाच्या सुरुवातीला राजवाड्यातून बाहेर पडताच पाण्यापलीकडे त्या शत्रूचा किल्ला दिसतो. अंतर चार पावलांचे, पण तिथे पोहोचायला सगळे जग पालथे घालावे लागते. कुठेही भरकटलात तरी कशासाठी निघालो होतो याचा विसर पडत नाही.

पुढे जागा वाढली. १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ साधारण वीस-पंचवीस तासांत पुरा होतो. १९९७ साली आलेला ‘फायनल फँटसी ७’ तीन तबकड्यांवर पसरला आणि त्याची कथा चाळीस तासांच्या घरात गेली. ज्याला वर्षातून एखादाच खेळ घेणे परवडते त्याला तास जास्त मिळाले तर हवेच असतात. विकणाऱ्यांनी हे हेरले आणि तासांचा आकडा जाहिरातीत मिरवू लागला. कापड वारावर विकावे तशी गोष्ट तासावर विकली जाऊ लागली. पैशाच्या मोबदल्याचा हा हिशेब मी तुच्छ मानत नाही, मीही मध्यमवर्गीयच. पण कापडाचा वार वाढला तर अंगरखा मोठा होतो; गोष्टीचे तसे नाही.

‘विचर’कडे परत येतो. खेळाडूंनी नोंदवलेल्या वेळांप्रमाणे त्याची नुसती मुख्य कथा साधारण ५० तासांची आहे. बाजूची सगळी कामे केली तर दीडशेच्या पुढे जाते. रोज तासभर खेळणाऱ्याला मुख्य कथेलाच जवळजवळ दोन महिने लागतात, तेही मध्ये बाजूचे एकही काम न करता. पण माझी तक्रार आकड्याबद्दल नाही.

या कथेत सुरुवातीच्या भागात एक जहागीरदार भेटतो. सिरी त्याच्याकडे राहून गेली आहे, पण ती हकीकत तो फुकट सांगायला तयार नाही. त्याची बायको व मुलगी बेपत्ता आहेत. आधी त्यांचा माग काढून दे म्हणतो. हा उघडउघड फाटा आहे. तरी एकदाही तो फाटा वाटत नाही. हळूहळू कळते की दारू पिऊन या माणसाने बायकोला मारले आहे आणि घर स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त केले आहे. मुलगी शोधणारा एक बाप दुसऱ्या बापाला पाहतो आहे. मूळ प्रश्न पुढे सरकत नसला तरी खोल जातो. आईने त्या दिवसांत “सापडली का?” असे विचारले नाही. “तो मेला सुधारला का?” असे विचारले.

मग गेराल्ट नोव्हिग्राड या मोठ्या शहरात येतो. सिरीची माहिती त्याच्या एका कवी-मित्राला आहे, पण तो मित्रच गायब. त्याला शोधायचे तर आधी त्याच्या ओळखीच्या बायकांची दारे ठोठवायची. मग एका गुंडाला गाठायचे. मग रूपे पालटणाऱ्या एका माणसाला लपल्या जागेतून बाहेर काढायचे. आणि त्यासाठी काय करायचे, तर नाटक बसवायचे! संहिता निवडायची, माणसे जमवायची, दाराशी राखणदार ठेवायचे आणि प्रयोगात स्वतः गेराल्टनेही भूमिका करायची. एकेक प्रसंग सुटा पाहिला तर मजेदार आहे. पण भाजीची परडी बाजूला ठेवून आई म्हणाली, “पोरीच्या मागं भुतं लागल्यात आणि हा नाटक करतोय? अजून हुडकतोयच की!” या खेळावर पुष्कळ परीक्षणे लिहिली गेली आहेत, इतक्या थोडक्यात दोष सांगितलेला माझ्या पाहण्यात नाही.

दोष लांबीचा नव्हे, लांबी आणि घाई यांच्या वैराचा आहे. ज्या प्रश्नात ‘आत्ताच्या आत्ता’ आहे तो प्रश्न पन्नास तास ताणता येत नाही. ‘फॉलआउट’ या १९९७ च्या अमेरिकन खेळाने यावर जालीम उपाय केला होता. भुयारातल्या वस्तीचे पाणी संपत आले आहे, आणि यंत्राचा सुटा भाग नायकाने १५० दिवसांत आणायचा. ते दिवस खेळ खरोखरच मोजतो. न आणला तर खेळ संपला. प्रामाणिक उपाय, पण खेळाडूला धाप लागते आणि जग हिंडून पाहण्याची हौस मारली जाते. बहुतेक खेळ म्हणूनच तोंडाने घाई करतात आणि हाताने सुट्टी देतात.

त्याच पोलिश कंपनीने त्याच २०१५ साली ऑक्टोबरमध्ये ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ही सुमारे १० तासांची पुरवणी काढली, आणि माझ्या मते ती मूळ कथेहून सरस आहे. एका सरदाराच्या तीन इच्छा गेराल्टने पुऱ्या करायच्या. पहिलीत मेलेल्या भावाला एक रात्र मौज करू द्यायची, म्हणून त्याचे भूत गेराल्टच्या अंगात शिरून एका लग्नात धमाल उडवते. दुसरीत लिलावाच्या पेढीवर दरोडा आहे. तिसरी सरदाराच्या बायकोला दिलेल्या एका गुलाबाची आहे आणि ती फार दुःखी आहे. तीन म्हटल्यावर खेळाडूला आपण कुठे आहोत हे कळते. एक झाली, दोन उरल्या. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधला पाण्यापलीकडचा किल्लाच हा, निराळ्या वेषातला.

तीच गोष्ट आखूड व लांब अशा दोन्ही मापांनी शिवलेली पाहायची असेल तर ‘फायनल फँटसी ७’ चे उदाहरण नामी आहे. मूळ खेळात मिडगार शहरातला भाग पाचसहा तासांत उरकतो. २०२० साली कंपनीने या कथेची नवी आवृत्ती काढली तेव्हा एवढ्याच भागाचा तीसहून अधिक तासांचा स्वतंत्र खेळ केला. पुढचा भाग २०२४ मध्ये आला. आता या वाढीव तासांत काय घातले? जेसी नावाची एक बंडखोर मुलगी मूळ कथेत चार वाक्ये बोलून मरते. नव्या खेळात आपण तिच्या आईवडिलांच्या घरी जातो. तिला नटी व्हायचे होते हे कळते, अंथरुणाला खिळलेला तिचा बाप दिसतो. मग तिचे मरण लागते. हे तास कारणी लागले. पण त्याच खेळात शहराच्या पोटातले प्रचंड दिवे एकामागून एक विझवत फिरण्याचे एक प्रकरण आहे. त्यातून नायकाबद्दल, शहराबद्दल वा शत्रूबद्दल नवे काहीच कळत नाही. ते गाळले असते तर कोणाच्या ध्यानातही आले नसते.

याचा अर्थ शंभर तासांची कथा वाईटच, असा नाही. २०१६ चा जपानी ‘पर्सोना ५’ साधारण तेवढाच लांब आहे आणि तो तोलला जातो. त्याचा नायक शाळकरी मुलगा आहे. कथा एप्रिलपासून दिनदर्शिकेच्या पानापानाने चालते : सकाळी शाळा, संध्याकाळी मित्र, अधूनमधून परीक्षा, आणि दर खलनायकाला ठरलेली तारीख. इथला खरा प्रश्न ‘कोण सापडेल’ हा नाही. ‘ही मुले एकमेकांची कोण होतील’ हा आहे. मैत्री मुरायला वेळ लागतो, म्हणून लांबी पटते. शिवाय प्रत्येक खलनायकाचे प्रकरण आपल्यापुरते पुरे होते. महिनाभर खेळ बंद राहिला तरी धागा सापडतो.

हा महिनाभराचा खंड रचनाकार विसरतात असे मला वाटते. त्यांच्या डोळ्यांपुढे सलग बसणारा खेळाडू असतो. प्रत्यक्षात आपण अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिके, घरचे लग्नकार्य आणि गेलेली लाईट यांच्या फटींत खेळतो. त्यातून हे खेळ मराठीत नाहीत. गेराल्टचे लांबलचक इंग्रजी संवाद समजून घेत, क्वचित थांबवून शब्द पाहत गेले की ५० तासांचे ७० होतात. ज्या दुकानांतून हे खेळ संगणकावर उतरवून घेतात तिथे किती टक्के खेळाडूंनी कोणता टप्पा गाठला हे कोणालाही पाहता येते. मोठ्या कथांच्या खेळांत शेवट पाहणारे बहुधा निम्म्याहूनही कमी असतात. ज्या शेवटासाठी लेखक, चित्रकार, संगीतकार यांनी वर्षे घालवली, तो बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

तेव्हा आकडाच मागाल तर मी असे म्हणेन : एका निकडीच्या प्रश्नावर उभी असलेली मुख्य कथा वीस-पंचवीस तासांत संपावी. खेळाडूला जगात शंभर तास राहायचे असेल तर त्याने खुशाल राहावे, बाजूची कामे त्यासाठीच असतात. ती कामे मुख्य कथेच्या वाटेत आडवी घालू नयेत. त्याहून लांब कथा लिहायची असेल तर तिचा प्रश्न थांबू शकणारा असावा.

माझे पुढे असे झाले की जानेवारीत सत्र परीक्षा आली, संगणकावर कापड पडले, आणि मार्चमध्ये परत बसलो तेव्हा मी कोणाच्या शोधात कोणाला शोधतो आहे हेच आठवेना. टिपणवही उघडून पाहिली, तरी धागा लागला नाही. मग दहा संध्याकाळी पुरवणीच्या तीन इच्छा तेवढ्या पुऱ्या केल्या. मूळ कथेतला माझा गेराल्ट अजून नोव्हिग्राडमध्येच आहे. नाटकाची माणसे जमवणे चालू आहे. आईने विचारायचे सोडून दिले आहे.